रोजनिशी, जर्नल आणि गॅझेटिअर : डोंगरी मुलखाच्या इतिहासाची साधने

'जर्नल' या इंग्रजी शब्दाला दोन अर्थ आहेत. प्रवासी किंवा अंमलदार दिवसाअखेर आपल्या तंबूत बसून जी रोजनिशी लिहितो ती जर्नल. आणि विद्वानांची एखादी संस्था आपल्या सभासदांचे निबंध ज्या नियतकालिकात छापते तेही जर्नलच. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या डोंगराळ मुलखाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची या दोन्हींशी गाठ पडते. सातपुडा, सातमाळा, सह्याद्रीचे घाट आणि डांगचे जंगल या प्रदेशांत राहणाऱ्या भिल्ल, महादेव कोळी, कोकणा, वारली इत्यादी लोकांनी त्या काळात स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेले जवळजवळ काहीच नाही. त्यांच्याविषयी जे लेखी स्वरूपात शिल्लक आहे, ते बहुतांशी त्यांच्यावर चालून गेलेल्या, त्यांच्याकडून करार लिहून घेतलेल्या, त्यांना पलटणीत भरती केलेल्या किंवा फासावर चढविलेल्या माणसांनी लिहिलेले आहे.

अशा साधनांचे करावयाचे काय? एक मार्ग असा की, ती डोळ्यांसमोर होती तशी लिहिलेली म्हणून खरी मानावीत. आपल्याकडील अनेक जिल्हावार इतिहास याच मार्गाने लिहिले गेले. दुसरा मार्ग असा की, ती शत्रुपक्षाची म्हणून बाजूला सारावीत. पहिल्या मार्गाने गेल्यास अंमलदाराचे मत हेच डोंगरातील माणसाचे चरित्र ठरते. दुसऱ्याने गेल्यास त्या माणसाचे नाव, त्याचा हक्क आणि त्याच्यावर गुदरलेला प्रसंग यांचा एकमेव लेखी पुरावा आपण आपल्याच हाताने गमावतो. या दोहोंच्या मधून वाट काढता येते. मात्र त्यासाठी प्रत्येक कागद कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिला आणि तो आपल्यापर्यंत कोणत्या हातांतून आला, हे विचारावे लागते. खानदेश आणि त्याच्या आसपासच्या मुलखातील काही उदाहरणे घेऊन ही वाट येथे दाखवावयाची आहे.

खानदेशची सरहद्द

प्रथम 'सरहद्द' या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. दोन राज्यांमधील सीमारेषा असा अर्थ येथे अभिप्रेत नाही. सरकारचा हुकूम जेथे सहज चालतो असा सपाटीचा मुलूख संपून, तो चालविण्यासाठी जेथे प्रत्येक वेळी वाटाघाट, इनाम किंवा बंदूक यांचा आधार घ्यावा लागतो असा मुलूख सुरू होतो, ती ही सरहद्द. १८१८ साली पेशवाई संपली आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे खानदेशचा कारभार आला, तेव्हा ही सरहद्द त्याच्या धुळ्याच्या कचेरीपासून फार दूर नव्हती. शिंदे-होळकरांच्या लढाया आणि १८०२ ते १८०४ या काळातील दुष्काळ यांनी तापी व गिरणा खोऱ्यांतील अनेक गावे ओस पडली होती. डोंगरातील भिल्ल नाईक आपापल्या जमावासह सपाटीवर उतरत आणि गावांकडून वसुली करीत.

ही वसुली म्हणजे काय, याचे उत्तर उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून होते. घाटवाटांची राखण, गावची जागल आणि त्याबद्दल गावाने द्यावयाचा धान्याचा अथवा रोख पैशाचा वाटा ही जुनी व्यवस्था होती. डांगकडील भिल्ल राजे आणि नाईक शेजारच्या सपाटीच्या गावांवर जो हक्क सांगत त्याला गिरास म्हणत. तो मिळाला नाही म्हणजे ते गावावर धाड घालीत. डोंगरात जो हक्क होता, तो सपाटीच्या कचेरीत पोचेपर्यंत लूट या सदराखाली लिहिला जाई. नव्या सरकारलाही हा भेद अगदीच कळत नव्हता असे नाही. ब्रिग्जने एकीकडे फौजा पाठविल्या आणि दुसरीकडे घाटांच्या राखणीबद्दल नाइकांना तनखे बांधून दिले. हक्कच नव्हता तर तनखा कशाचा, हा प्रश्न त्या हिशेबाच्या कागदांतूनच निघतो.

सात वर्षे असे दुहेरी धोरण चालल्यानंतर १८२५ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, खानदेशात भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी स्थापन झाल्या आणि धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभारण्याचे काम लेफ्टनंट जेम्स आऊट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्यावर सोपविण्यात आले. ही पलटण १८९१ पर्यंत टिकली. तिच्या अधिकाऱ्यांना लिहिणे भाग होते. खर्चाची मंजुरी, बढती, शाबासकी, सारे काही मुंबईस पाठविलेल्या कागदावर ठरत असे. ज्याला अधिक शिपाई हवे होते त्याला मुलूख धोक्याचा दाखवावा लागे; ज्याला आपली योजना सफल झाल्याचे सांगावयाचे होते त्याला आधीचा काळ होता त्याहून काळा रंगवावा लागे. सरहद्दीवरून आलेला कोणताही वृत्तांत वाचताना ही गरज ध्यानात ठेवली पाहिजे.

तंबूपासून छापखान्यापर्यंत

आऊट्रमनंतर भिल्ल पलटणीची सूत्रे हाती घेणाऱ्या कॅप्टन डी. सी. ग्रॅहॅम याने १८४३ साली खानदेशातील भिल्लांविषयी एक ऐतिहासिक वृत्तांत लिहिला. पलटण स्थापन होऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती आणि तिचे श्रेय सांगण्याची ती योग्य वेळ होती. वृत्तांताची घडण त्याला साजेशीच आहे. आधी अंधार, मग उजेड. १८१८ सालचे चित्र काढताना ग्रॅहॅम सांगतो की, पन्नासांहून अधिक नामांकित म्होरके या मुलखात वावरत होते, त्यांचे अनुयायी सुमारे पाच हजार होते आणि लूट हाच त्यांचा उद्योग होता. पुढच्या लेखकांनी हे चित्र वारंवार उचलले आहे.

परंतु त्याच वर्णनाच्या ओघात ग्रॅहॅम आणखी एक गोष्ट सांगून जातो. पूर्वीच्या सरकारांनी भिल्लांना दिलेली वचने पुनःपुन्हा मोडली होती, त्यांच्या कत्तली केल्या होत्या आणि त्याचा सल त्यांच्या मनात होता, असे तो लिहितो. म्हणजे जो लेखक भिल्लांना जन्मजात लुटारू म्हणून उभे करतो, त्याच्याच लेखणीतून त्यांच्या उठावाचे कारणही उतरते. हे कारण त्याच्या दृष्टीने गौण आहे. वाक्यात त्याला जागाही गौणच मिळाली आहे. इतिहासकाराने नेमके तेथे थांबावयास हवे. लेखकाने ठासून सांगितलेली गोष्ट बहुधा त्याच्या वरिष्ठांसाठी असते. जाता जाता सांगितलेली गोष्ट अनेकदा त्याला माहीत असलेली असते.

१८२५ सालच्या बागलाणातील उठावाची हकीकतही अशीच आहे. शेवराम नावाच्या एका सोनाराने सातारच्या महाराजांच्या नावाचे बनावट कागद दाखवून भिल्लांना उठविले, असे सरकारी वृत्तांत सांगतो. सांगण्याचा हेतू भोळ्या भिल्लांना एका ठकाने फसविले हे दाखविण्याचा आहे. पण ज्यांना केवळ लूट करावयाची आहे त्यांना महाराजांच्या कागदाची गरज का वाटावी? कागद खोटा असेल. तो पाहून उठणाऱ्यांच्या मनात कायदेशीर धनी कोण याविषयी एक निश्चित कल्पना होती, हे मात्र त्या खोट्या कागदानेच सिद्ध होते.

ग्रॅहॅमच्या वृत्तांताचा पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. १८४३ साली लिहिलेला हा मजकूर १८५६ मध्ये मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांच्या मालेत छापला गेला. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशविषयक बारावा खंड निघाला, तेव्हा भिल्लांच्या इतिहासाची माहिती अशाच जुन्या वृत्तांतांवरून त्यात संक्षिप्त होऊन उतरली. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळत गेले. तंबूतील टिपणात 'असे ऐकतो', 'असे म्हणतात' या शब्दांना जागा असते. अहवालात ती कमी होते. गॅझेटिअरच्या एका ओळीत ती उरतच नाही. एका नाइकाविषयी, एका वर्षी, एका अधिकाऱ्याने केलेले विधान शेवटी एका संपूर्ण जमातीचा स्वभाव म्हणून छापले जाते. शब्दांच्या या प्रवासाचे परिणाम केवळ ग्रंथांपुरते राहत नाहीत. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार असतात या कल्पनेवर उभारलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली झाला. तो प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह देशभर झाली आणि १९५२ साली तो रद्द होईपर्यंत अनेक जमातींच्या माणसांना पोलीस चौकीवर हजेरी द्यावी लागली. हा कायदा खानदेशच्या वृत्तांतातून निघाला असे म्हणता येणार नाही. पण तो ज्या मातीत उगवला ती माती अशाच लेखनाने तयार केली होती.

याउलट, वरिष्ठांकडे पाठवावयाच्या नसलेल्या नोंदींत कधीकधी अधिक मोकळेपणा आढळतो. बिशप रेजिनाल्ड हेबर १८२४-२५ साली कलकत्त्याहून मुंबईकडे येताना राजपुताना व गुजरात यांमधील भिल्लांच्या प्रदेशातून गेला. त्याच्या मृत्यूनंतर १८२८ मध्ये पत्नीने प्रसिद्ध केलेल्या त्याच्या प्रवासवृत्तात भिल्लांकडे या भूमीचे मूळ रहिवासी म्हणून, बऱ्याच सहानुभूतीने पाहिलेले आहे. अर्थात वाटसरूची सहानुभूती वाटेपुरतीच असते. हेबर जेथून निघून गेला तेथे आऊट्रमला राहावयाचे होते. आऊट्रमने भिल्लांचा विश्वास संपादन केला तो बराचसा त्यांच्यासोबत केलेल्या शिकारीतून. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चरित्रात १८२५ ते १८३४ या काळातील शिकारीचा हिशेब दिलेला असून त्यात दोनशेच्या आसपास वाघ आहेत. अशा यादीत वाघांची गणती काटेकोर असते. हाका उठविणाऱ्या माणसांची गणती करावी असे शिकाऱ्यांना सहसा वाटत नसे.

पकडणाराच चरित्रकार

जर्नल या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाचे उत्तम उदाहरण कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हे आहे. १८३० च्या सुमारास अहमदनगर-जुन्नरकडील डोंगरांत महादेव कोळ्यांचे जे बंड झाले ते मोडण्यासाठी त्याला पाठविण्यात आले होते. त्यानंतर रामोशांचे पुढारी उमाजी नाईक यांना पकडण्याच्या मोहिमेचे नेतृत्व त्याच्याकडे आले. १८३२ च्या फेब्रुवारीत उमाजी नाईक यांना पुण्यात फाशी देण्यात आले आणि पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, मॅकिंटॉशचे रामोशी जमातीवरील व उमाजींच्या चरित्रावरील इंग्रजी पुस्तक मुंबईत छापून निघाले. ज्याने पकडले त्यानेच चरित्र लिहिले, आणि आजही उमाजी नाईक यांच्याविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्या पुस्तकाकडे वळावे लागते.

त्यानंतर काही वर्षांतच त्याचा महादेव कोळ्यांवरील विस्तृत निबंध मुंबईच्या जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात आणि मद्रासच्या साहित्य व शास्त्रविषयक जर्नलात प्रसिद्ध झाला. मॅकिंटॉश मद्रासच्या फौजेतला असल्याने मद्रासचे दार त्याला उघडे होते. बंडखोरांचा माग काढण्यासाठी जमविलेली माहिती अशा रीतीने विद्येच्या क्षेत्रात आली. डोंगरातील वाटा, पाण्याच्या जागा, कोणते कूळ कोठे राहते आणि कोणाचे सोयरे कोठे आहेत, ही माहिती पाठलाग करणाऱ्याला हवी असते. तीच पुढे मानवशास्त्राची सामग्री बनते. तिचा मूळ उपयोग विसरला तर आपण तिला निर्हेतुक निरीक्षण समजून बसतो.

असे असले तरी या निबंधाचे मोल फार मोठे आहे. महादेव कोळ्यांची चोवीस मुख्य कुळे त्यात नोंदलेली आहेत. त्याहूनही महत्त्वाची नोंद आहे ती 'गोतर्णी' या त्यांच्या जातसभेची. पुढील गॅझेटिअरांतही ती आलेली आहे. या सभेचे सहा मानकरी असत. राघतवान हा प्रमुख आणि मेताळ त्याचा दुय्यम. साबळा हा हुकूम बजावणारा. ढाल्या अपराध्याच्या घरावर उंबराची फांदी लावी. हाडक्या मेलेल्या गाईचे हाड आणून त्याच्या दाराला बांधी, म्हणजे ते घर जातीबाहेर झाले असे सर्वांना कळे. अपराध्याला परत घेताना घराची शुद्धी करण्याचे आणि जुनी मातीची भांडी काढून टाकण्याचे काम मडक्याचे.

या नोंदीतील विरोधाभास लक्षात येण्याजोगा आहे. ज्या लोकांना कायदा ठाऊक नाही असे सरकार समजत होते, त्यांना वठणीवर आणण्यासाठी गेलेल्या अधिकाऱ्यानेच त्यांच्या न्यायसभेची रचना, मानकऱ्यांची नावे आणि शिक्षेची पद्धत लिहून ठेवली. ही माहिती देऊन त्याला काही सिद्ध करावयाचे नव्हते, आपल्या मोहिमेचे यश तिच्याने वाढतही नव्हते आणि घटतही नव्हते. म्हणूनच तिच्यावर अधिक विश्वास ठेवता येतो. मात्र येथेही एक प्रश्न शिल्लक राहतो. हे त्याला सांगितले कोणी? बंड मोडून मुलूख ताब्यात घेतलेल्या अधिकाऱ्यासमोर बसलेला माणूस काय सांगेल आणि काय गिळून टाकील, याचा अंदाज वाचकाने स्वतः करावयाचा असतो. मॅकिंटॉशचा निबंध प्रसिद्ध होऊन दहा वर्षे होण्याच्या आतच त्याच डोंगरांत राघोजी भांगरे यांनी उठाव केला. १८४८ साली त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. कुळांची यादी पूर्ण झाली होती. तक्रारींची झाली नव्हती.

टास्मानियातील एक दाखला

अंमलदाराची रोजनिशी आणि वरिष्ठांना लिहिलेले पत्र यांत किती अंतर पडू शकते, याचा सर्वांत बोलका दाखला ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर मिळतो. त्या वेळी त्याला व्हॅन डीमेन्स लँड म्हणत. मेंढपाळीसाठी जमिनी घेणारे गोरे वसाहतवाले आणि तेथील मूळ रहिवासी यांच्यात तेथे उघड युद्ध चालू होते. १८२८ च्या फेब्रुवारीत बेटाच्या वायव्य टोकाला, केप ग्रिम येथे, एका इंग्रज कंपनीच्या मेंढपाळांनी मूळ रहिवाशांच्या एका जमावावर गोळ्या झाडल्या. कंपनीच्या अधिकाऱ्याने केलेल्या पत्रव्यवहारात मृतांचा आकडा अगदी लहान आहे. परंतु १८३० साली सरकारने मध्यस्थ म्हणून नेमलेला जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन तेथे गेला. त्याने त्या प्रसंगात सामील असलेल्या एका मेंढपाळाला आणि मूळ रहिवाशांतील स्त्रियांनाही विचारले व आपल्या रोजनिशीत तीस हा आकडा लिहिला.

ही रोजनिशी शतकाहून अधिक काळ हस्तलिखित स्वरूपातच राहिली. १९६६ साली एन. जे. बी. प्लॉम्ली यांनी ती संपादून प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी मानवशास्त्रज्ञ स्टॅनर यांनी आपल्या व्याख्यानांत, ऑस्ट्रेलियाचा इतिहास मूळ रहिवाशांविषयी मौन पाळत आला आहे, असे जाहीरपणे सांगितले. आणि १९८१ साली हेन्री रेनॉल्ड्स यांनी सरहद्दीच्या पलीकडील बाजूने तो इतिहास लिहून दाखविला. २००२ मध्ये कीथ विंडशटल यांनी अशा पुराव्यांवर आक्षेप घेतले, रॉबिन्सनच्या विश्वसनीयतेलाच आव्हान दिले आणि मोठा वाद माजला. त्या वादातून एक फायदा झाला. प्रत्येक नोंद कोणाच्या तोंडून आली, घटनेनंतर किती दिवसांनी लिहिली गेली, हे नव्याने आणि बारकाईने तपासले गेले. रॉबिन्सन हाही निःस्वार्थी साक्षीदार नव्हता. आपल्यामुळेच शांतता झाली असे त्याला दाखवावयाचे होते. त्याने समजूत घालून फ्लिंडर्स बेटावर नेलेल्या लोकांपैकी बहुतेक तेथेच मरण पावले. १८४७ मध्ये उरलेल्यांना परत आणले तेव्हा ते ४७ होते. तरीसुद्धा त्या स्त्रियांचा प्रश्न ज्याने विचारला आणि उत्तर टिपून ठेवले असा माणूस तोच होता.

मोडीतील रुमाल आणि परकीयांचा न्याय

एवढ्यावरून असे समजू नये की, दोष केवळ परकीय लेखणीचा होता. पेशवे दप्तरातील मोडी कागदांचे रुमालही राज्यकर्त्याच्याच बाजूने बोलतात. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. १९०० साली महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना प्रस्तावना म्हणून जो निबंध लिहिला, त्यात लढायांपेक्षा लोकांच्या जीवनावर प्रकाश टाकणारे साधन म्हणून या रोजनिशीचे महत्त्व सांगितले आहे. ते यथार्थच आहे. पण हे लोकजीवन मुख्यतः गावाच्या शिवेच्या आतले आहे. डोंगराकडे नजर वळली की दप्तराची भाषा दंगा, पुंडाई आणि पारिपत्य या शब्दांवर येते. इंग्रज अंमलदाराने जी शब्दकळा वापरली तिचे मराठी रूप त्याच्या कारकुनाच्या तोंडी आधीपासूनच तयार होते.

या संदर्भात कोपरगावचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. १८०४ साली पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना कोपरगावी बोलावून दगा दिला आणि त्यांना विहिरींत टाकून मारले, अशी नोंद गॅझेटिअरात आहे. ही हकीकत इंग्रजी ग्रंथांनी आवर्जून जतन केली आहे, आणि ती का केली हे उघड आहे. आधीच्या राजवटीचे क्रौर्य जितके गडद, तितकी नवी राजवट न्यायाची ठरते. म्हणून ती खोटी मानावी काय? मुळीच नाही. हकीकत सांगणाऱ्याचा स्वार्थ आणि हकीकतीचा खरेपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मात्र तोच स्वार्थ उलट दिशेने कसा वागतो हेही पाहिले पाहिजे. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी सातपुड्यात उठाव केला. १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणी येथे लढाई झाली. त्यानंतर पकडलेल्यांपैकी अनेकांना झटपट चौकशी करून गोळ्या घालण्यात आल्या आणि अनेक स्त्रियाही कैद झाल्या. ही घटना सरकारी वृत्तांतात आहे, परंतु ती मोहिमेच्या हिशेबातील एक बाब म्हणून. कोपरगावला जे विशेषण मिळाले ते अंबापाणीला मिळाले नाही. खाज्या नाईक हे पूर्वी कंपनी सरकारच्याच चाकरीत घाटाची राखण करीत होते, ही गोष्ट आठवली म्हणजे या मौनाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

डांगमधील गोठ

लेखी साधनांची मर्यादा कोठे येते हे कळण्यासाठी शेवटी डांगकडे वळू. खानदेशच्या पश्चिमेला असलेला हा जंगलाचा मुलूख भिल्ल राजे व नाईक यांच्या ताब्यात होता. १८३० साली आऊट्रमने त्यावर स्वारी केली आणि १८४२ पासून तेथील सागवान तोडण्याचे हक्क इंग्रजांनी राजांकडून पट्ट्याने घेतले. सरकारी दप्तरात या पट्ट्यांचे कागद नीट लावलेले आहेत : किती वर्षांसाठी, किती रकमेला, कोणाच्या निशाणीने. १९६० मध्ये डांग गुजरात राज्यात गेला. परंतु तेथील बोली आणि आठवणी यांचे खानदेश-नाशिकशी असलेले नाते तुटलेले नाही.

अजय स्कारिया यांनी या कागदांच्या जोडीला डांगमधील वृद्धांकडून ऐकलेल्या पूर्वजांच्या हकीकती ठेवल्या. तेथे त्यांना 'गोठ' म्हणतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून दिसून येते की, या गोठींत काळाची विभागणी इसवी सनाने होत नाही. 'मोगलाई' हा एक काळ. त्यात जंगलात कोठेही जावे, कोठेही नांगर न लावता पीक घ्यावे, सपाटीच्या गावांकडून गिरास घ्यावा. 'मंडिनी' हा दुसरा काळ, जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्यापासूनचा. इतिहासाच्या पुस्तकांत मोगलाई या शब्दाचा अर्थ काय आहे हे आठवले, म्हणजे डोंगरातल्या माणसाने तो शब्द किती वेगळ्या अर्थाने वापरला ते ध्यानात येते. दप्तराने ज्या दिवसाला पट्ट्याची तारीख म्हटले, त्या दिवसाला गोठीने एका युगाचा शेवट म्हटले.

गोठही साधनच आहे आणि तिलाही तेच प्रश्न विचारावे लागतात. सांगणारा कोणत्या राजाच्या वंशातला आहे? आज कोणता वाद चालू असताना तो ही गोष्ट सांगतो आहे? गोठीत शौर्य वाढते, पराभव आटतो आणि नावे एकमेकांत मिसळतात. पण इंग्रज अंमलदाराच्या रोजनिशीत ज्या बाबतीत शाई पुरली नाही, त्या बाबतीत गोठीला बोलावयाचे असते. एक साधन दुसऱ्याची चूक दाखविते. तसेच एक साधन दुसऱ्याचे मौनही दाखविते.

हा सारा विचार केवळ अभ्यासकांच्या उपयोगाचा आहे असे नाही. २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्यांचे हक्क इतिहासकाळात नोंदलेच गेले नाहीत आणि त्यामुळे त्यांच्यावर अन्याय झाला, हे त्यात मान्य करण्यात आले. त्या कायद्याखाली केलेल्या नियमांत दाव्याचा पुरावा म्हणून काय चालेल याची यादी आहे. गॅझेटिअर, जनगणना, पाहणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे यांचा त्यात समावेश आहे. आणि त्याच यादीत दावेदाराखेरीज अन्य वयोवृद्ध व्यक्तींनी सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकतही आहे. म्हणजे ज्या गॅझेटिअरात एखाद्या पाड्याच्या पूर्वजांना लुटारू म्हटले आहे, तेच गॅझेटिअर ते पूर्वज तेथे राहत होते याची साक्षही देते. नंदुरबार किंवा अकोले तालुक्यातील एखादा कार्यकर्ता जुन्या खंडाच्या पानाची प्रत दाव्याला जोडतो आणि तिच्याखाली गावातील म्हाताऱ्याचा जबाब लावतो, तेव्हा तो इतिहासकाराचेच काम करीत असतो. त्या पानावरचे विशेषण वगळून त्यातील गावाचे नाव, नाइकाचे नाव आणि साल उचलावयाचे, आणि म्हाताऱ्याने सांगितलेल्या सीमेच्या ओढ्याशी ते ताडून पाहावयाचे. पान लिहिणाऱ्याने ते यासाठी लिहिले नव्हते. तरी ते जपून ठेवले पाहिजे, आणि वाचता आले पाहिजे.